नांगर न लागलेला काठ

माझ्या सासूबाई वर्षातून एक दिवस बैलाच्या कष्टाचं काही खात नसत. ऋषिपंचमीला. नांगरलेल्या शेतातलं धान्य त्या दिवशी वर्ज्य. परसात हातानं खणून लावलेली दोडकी, अळूची पानं, आणि तलावाच्या उथळ अंगाला आपोआप उगवणारं देवधान, एवढंच चालायचं. देवधान कुणी पेरत नाही. कोजागिरीच्या पुढंमागं ते पिकतं आणि लोंबीला हात लागला की दाणा चिखलात गळतो. म्हणून बाया दुरड्या घेऊन पाण्यात शिरतात, लोंब्या दुरडीवर वाकवून हलक्या हातानं झटकतात आणि हाती येईल तेवढं धान पुढच्या पंचमीपर्यंत मडक्यात जपून ठेवतात. त्याचा लालसर, जाडा भात मला कधीच आवडला नाही. हे मी सासूबाईंसमोर कधी बोलले नाही, तेवढी अक्कल मला होती.

मी मूळची पवनीची. माहेरी हातमाग, पुढच्या खोलीत कापडाचं दुकान, दिवसभर मागाची खटखट. लग्न होऊन अड्याळच्या पुढं या गावात आले तेव्हा शांततेनंच माझे कान दुखायचे. पहिल्याच हिवाळ्यात एके सकाळी तलावावर धुणं धूत होते आणि डोक्यावरून अडईचा थवा शीळ घालत गेला. अडई म्हणजे आमच्याकडचं छोटं, तपकिरी रानबदक. थवा वळला आणि उथळ अंगाच्या गवतात असा उतरला की जणू कुणी पोतं रिकामं केलं. मी धुणं सोडून बघत राहिले, तेवढ्यात सासऱ्यांचं एक धोतर पाण्यानं ओढून नेलं. घरी बोलणी खाल्ली. पण त्या दिवसापासून तो तलाव माझा झाला. गावानं मला आपलं म्हणायला त्यापुढं बरीच वर्षं घेतली.

सासूबाईंना पाखरांचं काडीचं कौतुक नव्हतं. मी पाणकोंबडी दाखवायला लागले की त्या म्हणायच्या, "पाखरं काय भाजीत टाकाचे आहे तुले?" मला उपासाचं कौतुक नव्हतं. एकाच चिखलाकडे दोघी बघत होतो, त्यांना त्यात तांदूळ दिसायचा आणि मला पाखरं. यावरून आमचं कधी भांडण झालं नाही, कारण तेव्हा चिखल दोघींना पुरेल एवढा होता.

मग जिल्हा फुटला. गोंदिया वेगळा झाला आणि आमच्या वाट्याला उरलेला भंडारा आला. त्यानंतरच्या वर्षांत कुठल्याही कचेरीत तलावाचं नाव काढलं की खुर्चीतला माणूस सांगायचा, "पाखरं पाहायची असतील तर गोंदियाला जा. सारस तिकडे, मोठे तलाव तिकडे." हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं. जिल्ह्याची रेघ कागदावर मारली होती, पाखरांना कुणी विचारलं नव्हतं. आमच्या तलावावर अडई होती, कमळाच्या पानांवरून चालणारा लांब शेपटीचा कमळपक्षी होता, हिवाळ्यात कुठून कुठून आलेली बदकं होती. ती काय आमची कुणी लागत नव्हती?

पण तलावाची दशा बघता त्या खुर्चीतल्या माणसाला तरी किती बोलावं? उथळ अंगाला बेशरम माजली होती. जांभळट फुलांची ही झुडपं आमच्याकडे आली ती कुंपणासाठी. बकरी तोंड लावत नाही, काडी खोचली की जगते, पाणी मागत नाही. घरोघरची कुंपणं नाल्याच्या कडेनं, आणि नाला तलावात. काड्या वाहत गेल्या, रुजल्या, आणि काही वर्षांत देवधान, गाद, चिला, सगळं पाणगवत तिच्याखाली गुदमरलं. पाखरांना उतरायला मोकळं पाणी राहिलं नाही आणि अंडी घालायला गवत राहिलं नाही. हिवाळ्यात थवे येत, दोन घिरट्या घालत आणि निघून जात. एका वर्षी सासूबाईंचं मडकं रिकामं राहिलं. पंचमीला त्यांनी नुसती अळूची भाजी खाल्ली आणि दिवसभर कुणाशी धड बोलल्या नाहीत.

एक मेच्या ग्रामसभेत सरपंचांनी सांगितलं की तलावातला गाळ काढायचं काम मंजूर झालं आहे. जेसीबी येणार आणि सबंध तलाव एकसारखा खोल करणार. लोक खूष झाले. मी उठून म्हटलं, सगळा खोल केला तर तलावाचा हौद होईल. पाणपाखरांचे पाय बोटभर लांब, त्यांना घोट्याएवढं पाणी लागतं, खोल पाण्यात ती चरणार कुठे आणि घरटं करणार कुठे? खोल करा, पण पाळीकडचं, बांधाच्या बाजूचं अंग करा. उथळ अंग सोडा.

सरपंच तसा भला माणूस. हसून म्हणाला, "वैनी, सारा खोल झाला तं पानी टिकन अन् बेशरम बी जाईन. एका दगडात दोन पक्षी."

"पक्षीच मरतीन ना भाऊ, तेच तं सांगून राहिली मी."

सभा हसली. हसली म्हणजे मी हरले, हे मला कळलं. माणसं ज्याच्यावर हसतात त्यावर मत देत नाहीत. मी रागानं लाल होऊन खाली बसले.

तेव्हा मागून सासूबाई उठल्या. सभेत त्या कधी बोलल्या नव्हत्या, नुसत्या सुपारी कातरत बसायच्या. त्यांनी अडकित्ता कनवटीला लावला.

"त्या मशीनीचा पंजा मातीत जाईन का?"

"जाईन ना काकू."

"माती उलटी-पालटी करन?"

"करन."

"मंग नांगर कायले म्हंतेत, बाबू? नांगर लागल्या जाग्यातलं धान पंचमीले चालत नाई. गावातल्या बायानं त्या दिशी काय खावाचं, हे सांगून दे अन् मंग आन तुही मशीन."

बायांच्या बाजूला कुजबूज सुरू झाली. हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. त्यात सरपंचाची स्वतःची आई होती, ती तिथूनच म्हणाली, "बरोबर बोलून राहिली ते." मग काय, एकेक म्हातारी उठायला लागली. पाखरांसाठी त्यांतली एकही उठली नसती.

सरपंचानं कपाळ पुसलं. त्यालाही राजकारण येत होतं. "ठीक आहे. मशीन नाई. पन मंग बैल बी नाई अन् टॅक्टर बी नाई. बेशरम हातानं काढा. पुढच्या एक मेपर्यंत निंगाली तं उथळ अंग तुमचं. नाई निंगाली तं मशीन लागन, मंग कोनी उपासाचं सांगाचं नाई."

माझी मैत्रीण लगेच उभी राहिली. ती बौद्ध मोहल्ल्यातली, स्वतःची धानाची शेती बघणारी, बायांचा बचत गट चालवणारी, आणि ग्रामसभेचे नियम तोंडपाठ असणारी. "भाऊ, याचा ठराव लिहा. अन् लिहिला का वाचून दाखवा," ती म्हणाली. ठराव लिहिला गेला, वाचला गेला. बाहेर पडताना मी तिला म्हटलं, तुमच्या घरी तर पंचमी नाही, तू कशाला यात पडतेस? ती म्हणाली, "उपास आमी सोडले वं. पाखरं नाई सोडले." माझ्याइतकीच ती त्या अडयांवर जीव टाकायची, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्याच दिवशी आम्ही पाण्यात. पाणी आटत आलेलं, पोटरीभर चिखल, वरून ऊन. विळ्या-कुऱ्हाडींनी सपासप बेशरम कापली. आमच्या आळीच्या बाया, मोहल्ल्याच्या बाया, काही नवरेही आले, लाजत लाजत. मृगापर्यंत उथळ अंग मोकळं दिसायला लागलं आणि पाऊस पडल्यावर चिखलातून देवधानाची हिरवी पाती वर आली. इतकी वर्षं चिखलात दडून बसलेला दाणा उजेड मिळाल्याबरोबर उठला होता. सासूबाई पाळीवर उभ्या राहून त्या पात्यांकडे बघत होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि माझेही.

आता म्हशी पाती खातील, ही भीती. कुंपण पाहिजे. आमच्या गावात कुंपण पाहिजे म्हटलं की हात कशाकडे जातो, ते मी वर सांगितलंच आहे. कापलेल्या बेशरमीचे ढीग काठावर पडलेले होते. चांगल्या सरळ काड्या निवडल्या, देवधानाभोवती ओळीनं खोचल्या, सुतळीनं बांधल्या आणि हात झटकून घरी आलो. एवढ्या बायांपैकी एकीच्याही मनात आलं नाही. जन्मभर कुंपण म्हणजे बेशरम, मग वेगळं काय येणार मनात!

आखाडात कुंपणाला पालवी फुटली. श्रावणात फुलं आली. कापलेल्या बुडख्यांतून धुमारे आले ते वेगळेच, कारण मुळं आम्ही तशीच ठेवली होती. पोळ्याच्या दिवशी सरपंच बैल घेऊन तलावावरून गेला आणि मला बघून म्हणाला, "वैनी, बाग लय मस्त फुलली." सासूबाई घरी एवढंच बोलल्या, "राखणीले बी तिलेच ठेवलं? चोराच्या हाती किल्ल्या." देवधान पुन्हा झाकलं गेलं. त्या हिवाळ्यातही थवे आले, घिरट्या घातल्या आणि गेले. मी पाळीवर उभी राहून त्यांना जाताना बघितलं आणि मला रडू आलं. मग राग आला. राग आला ते बरं झालं, रडण्यानं मुळं निघत नाहीत.

होळी झाल्यावर पाणी मागं हटू लागलं तसे आम्ही पुन्हा उतरलो. या वेळी विळे घरी. कुदळी आणि सब्बल, म्हणजे लोखंडी पहार. कुदळ चालते का, हा प्रश्न आधी सासूबाईंपुढं गेला. त्यांनी विचार करून निकाल दिला, "हातानं खनलेलं चालते. बैलानं अन् मशीनीनं नाई." मग एकेक बुडखा मुळासकट उपटायचा, डोक्यावर वाहून पाळीच्या माथ्यावर न्यायचा आणि कोरड्या मुरमावर मुळं वर करून उन्हात टाकायचा. एकही काडी घरी न्यायची नाही, कुंपणाला नाही, मांडवाला नाही, चुलीलाही नाही. या नियमाच्या राखणीला सासूबाई मोहाच्या झाडाखाली बसल्या. कुणाच्या खांद्यावर काडी दिसली की तिथून हाक यायची, "काय वं, कोठी घेऊन चालली त्या सवतीले?" कामचुकार माणसंही त्यांच्या धाकानं दिवसभर उपटत राहत.

हाताला फोड आले, फुटले, तिथं घट्टे पडले. पाठ वाकली ती झोपेतही सरळ होईना. बाया गळायला लागल्या, लग्नसराई होती, मोहफुलं वेचायची होती, तेंदूपानं होती. मैत्रीण रोज सकाळी आळीतून फिरायची आणि दारोदार एकच विचारायची, "येऊन राहिली, का मशीनीची वाट पाहून राहिली?" त्यावर बरीचशी दारं उघडायची.

पण खरी अडचण तिनंच दाखवली. नाल्याच्या कडेनं चालत ती आमच्या परसापर्यंत आली आणि कुंपणापाशी उभी राहिली. "वरून हे असंच राहिलं तं पुढच्या पान्यात पुन्हा वाहून येईन." ते कुंपण सासूबाईंचं. त्याच्याआड त्यांची दोडकी, अळू, पंचमीची सगळी हातखणीची भाजी. मी घरात विषय काढला.

"माह्या भाज्या बकऱ्या खातीन," त्या म्हणाल्या.

"मग दुसऱ्यांना कोणत्या तोंडानं सांगू?"

"तुह्या तोंडाले कधीपासून अडचन आली?"

मी भांडले. जोरात भांडले, शेजारी ऐकत होते. तुमच्या उपासासाठीच चाललंय हे सगळं, असंही म्हटलं, जे पुरतं खरं नव्हतं. त्यांनी जेवणाचं ताट सरकवलं आणि आमचा अबोला सुरू झाला. त्या मोहाखालीही येईनाशा झाल्या.

मग एका सकाळी परसातून सब्बलचा आवाज आला. बघते तर सासूबाई उकिडव्या बसून स्वतःचं कुंपण खणत होत्या. पदर कमरेला, चेहरा घामानं भिजलेला, आणि शेजारची बकरी आत्ताच वाफ्याकडे टक लावून उभी. मी सब्बल घ्यायला हात पुढं केला. त्यांनी दिला नाही. "हे मी लावलं, मीच काढन," म्हणाल्या. "तू नाल्याकडून लाग." आम्ही दोघींनी ते कुंपण काढलं, आणि मुळं त्यांनी स्वतः डोक्यावर घेऊन आळीतून, सगळ्यांच्या दारांवरून, पाळीवर नेली. त्यानंतर नाल्याकाठच्या एकाही घराला सबब उरली नाही. सासूबाईंची भाजी बकऱ्यांनी खायची ती खाल्लीच. त्या वर्षीच्या पंचमीला त्यांच्या पानात काही नसणार हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

एक मेच्या सभेआधी सरपंच पंचांना घेऊन तलावावर आला. उथळ अंगात फिरला, चपला हातात घेऊन. एका कोपऱ्यात थोडी बेशरम उरली होती. तिच्याकडे त्यानं बघितलं, मग आमच्या हातांकडे बघितलं. "ते सोडून द्या," पंचांना म्हणाला, "ते संध्याकाळपर्यंत निंगते." ती दुपारीच निघाली. ठराव झाला, उथळ अंगाला यंत्र लागणार नाही. जेसीबी पाळीकडच्या खोल बाजूला लागला आणि गावाच्या पाण्याचीही सोय झाली. सभेत मैत्रिणीनं ठराव पुन्हा वाचून घेतला. तिचा कागदावर विश्वास होता, पण वाचून दाखवलेल्या कागदावर.

त्या पावसाळ्यात देवधान कमरेएवढं झालं. मधूनमधून गाद उठली, कमळाची पानं पसरली, आणि एका सकाळी पानावरून लांब शेपटी ओढत कमळपक्षी चालताना दिसला तेव्हा मैत्रीण आणि मी पाळीवर वेड्यासारख्या हसत सुटलो. पंचमीला सासूबाईंनी रानातला भाजीपाला वेचून आणला आणि भागवलं. कुरकूर केली नाही. रोज संध्याकाळी पाळीवर जाऊन लोंब्या कुठवर आल्या ते तेवढं बघून यायच्या.

कोजागिरीनंतर आम्ही दुरड्या घेऊन उतरलो. पहिली दुरडी सासूबाईंची, हे कुणी न सांगताच ठरलेलं होतं. सगळ्यांत दाट, सगळ्यांत भरलेलं धान मधल्या बेटाला होतं. त्या तिकडे सरळ चालत गेल्या, लोंब्या वाकवायला हात घातला आणि तशाच थांबल्या. मी मागून पोचले. देवधानाच्या काड्या मोडून, वाकवून केलेलं घरटं, पाण्यापासून वीतभर वर, त्यात पांढरी अंडी, आणि त्यांवर बसलेली अडई. इतक्या उशिरा बसलेली. ती उडाली नाही. मान आखडून आमच्याकडे बघत होती.

मला सगळ्यांना ओरडून बोलवावंसं वाटलं. पण सासूबाईंची दुरडी बघितली आणि थांबले. दोन पावसाळे ती बाई या धानासाठी थांबली होती. तिनं आपली बाग घालवली होती. लोंब्या झटकल्या तर आडोसा जाणार होता आणि घार-कावळ्यांना अंडी उघडी पडणार होती. हे तिला सांगायचं कसं, आणि मी कोण सांगणारी?

सासूबाईंनी हात काढून घेतला. मागं वळून बायांना म्हणाल्या, "इथं कोनी येऊ नका. हे बेट सोडा."

"आई, मग पंचमीले?" मी विचारलं.

"पंचमी पुढं बी येते." त्या अडईकडे बघत होत्या. "हे पाह्य, हे तं जन्मभर नांगर न लागलेलंच खाते. तिचा उपास मोठा."

अडई रात्री आमच्या पिकल्या धानात उतरते आणि नांगरलेलं पोटभर खाते, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. त्यांनाही ठाऊक होतं.

त्या रिकामी दुरडी डोक्यावर घेऊन पाळीकडे गेल्या. मी गेले नाही. काठाच्या कडेनं जिथं जिथं विरळ, खुरटं देवधान होतं, तिथं तिथं मी दिवसभर फिरले. एकेक लोंबी दुरडीवर वाकवून झटकली. पात्यांनी हात कापले, जळवा लागल्या, मैत्रीण काठावरून हाका मारून दमली आणि शेवटी स्वतःच लुगडं खोचून आत आली. संध्याकाळी दुरडीच्या तळाला थोडंसं लालसर धान जमलं होतं. ते घरी नेऊन मी सासूबाईंपुढं ठेवलं.

त्यांनी माझे हात बघितले. "कायले एवढं करून राहिली? तुले तं तो भात आवडत बी नाई."

"पंचमीले," मी म्हटलं. त्यांनी उठून मडकं काढलं.